हिवाळ्यातली गाडी

नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या घरात मला खोली मिळाली ती माझ्या दातांमुळे. थट्टा नाही. चंद्रपूरहून नुकतीच आले होते, बर्डीवरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायची नोकरी लागली होती, आणि कुणीतरी पत्ता दिला म्हणून भर दुपारी त्या फाटकाशी उभी होते. दार उघडलं एका उंच, किंचित वाकलेल्या म्हाताऱ्यानं. अंगात बंडी, कपाळावर जाड भिंगांचा चष्मा चढवलेला, हातात चिमटा. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "आ कर."

आणि मी केला. त्याचं मला आजही नवल वाटतं. पण त्या आवाजात जन्मभराची सवय होती, तिच्यापुढे माझं काय चालणार.

"अहो, भाडेकरू आहे ती, पेशंट नाही," आतून एका बाईंचा आवाज आला.

"वरची उजवी दाढ भरून घे," ते मला म्हणाले, आणि आत तोंड करून ओरडले, "ऐकलं का वं? नेमानं घासते पोरगी. मागची बाजूसुद्धा. देऊन टाक खोली."

पुढचे दात सगळेच घासतात, ते लोकांसाठी असतात. मागून घासणाऱ्या माणसावर भरवसा ठेवायला हरकत नाही, असं त्यांचं मत होतं. ते रिटायर झालेले दातांचे डॉक्टर. सगळं धरमपेठ त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. आतला आवाज त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा. काकू भंडाऱ्याकडच्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची लेक. बोलणं कमी, पण जे बोलायच्या ते असं, की ऐकणाऱ्यानं आधी हसावं आणि घरी गेल्यावर विचार करावा.

डॉक्टरांच्या डोक्यात माणसांची नावं कधी राहिली नाहीत, दात राहिले. एकदा मेट्रोत आम्ही उभे होतो. समोर एक चांगला सुटाबुटातला, गंभीर चेहऱ्याचा माणूस बसलेला. डॉक्टर त्याच्यावर वाकून म्हणाले, "डावीकडची कॅप मी बसवली होती ना? हसा बरं." तो साहेब बिचारा सगळ्या डब्यादेखत हसला. डॉक्टर समाधानानं मागे सरकले आणि मला म्हणाले, "टिकली आहे. माणूस कोण आहे, काही आठवून नाही राहिलं."

त्या घरात भाडेकरूला एकच नियम होता. विचारल्याशिवाय काही कचऱ्यात टाकायचं नाही. मला वाटलं, ओला-सुका कचरा वगैरे असेल. कसलं काय. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली की डॉक्टर माझ्या आधी फाटकाशी हजर. माझी बादली तिथंच उपसायचे. गोळ्यांची रिकामी पाकिटं, तुटलेली छत्री, चपलेचा झिजलेला तळवा, केसांच्या पिना हे सगळं जप्त. कचरागाडीवाला रोज म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, आमच्यासाठी काही ठेवा जी." पाहुण्यांचीही सुटका नव्हती. कुणाच्या पर्सचं कातडं बोटानं चाचपून पाहतील, कुणाच्या शर्टाचं बटन निरखतील. माझ्या चष्म्याचा एक बारका स्क्रू असाच गेला, तो कुठं गेला ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. काकू म्हणायच्या, "आमच्या घरी आलेला माणूस पुरता परत जात नाही."

हे सगळं जायचं एका दुसऱ्याच गाडीच्या पोटात.

समोरच्या खोलीत पूर्वी दवाखाना होता. दवाखाना बंद केला, पण ती वरखाली होणारी खुर्ची आणि तिच्यावरचा मोठा दिवा डॉक्टरांनी ठेवून दिला होता. काकू त्या खुर्चीत बसून वाटाणे सोलायच्या. खिडकीजवळ लांब टेबल, आणि टेबलावर ती गाडी. हातभर लांब. एका विलायती कंपनीची, इंग्रजांच्या वेळची मोटर. लांब नाक, बाहेर आलेले दोन गोल दिवे, बाजूला पायरी. बाजारात अशी मॉडेलं डब्यात मिळतात, भाग जोडले की झालं. डॉक्टरांची तशी नव्हती. त्यांनी डबा आणलाच नव्हता. प्रत्येक भाग त्यांच्या हातचा.

चाकांच्या तारा म्हणजे वाकडे दात सरळ करायची तार. पुढची आणि खिडक्यांची काच म्हणजे धुऊन साफ केलेली एक्स-रेची फिल्म. कुण्या पेशंटचा जबडा धुतला गेला तेव्हा ती काच झाली. रबरी भोंग्याचा फुगा म्हणजे डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरची टोपी, हेडलाइटच्या काचा गोळ्यांच्या पाकिटावरचे फुगे, समोरची जाळी काकूंची चहागाळणी. काकू त्या चहागाळणीवरून वर्षभर बोलल्या. दाराच्या कड्या मात्र पितळेच्या आणि ओतीव. दाताची सोन्याची टोपी ओततात तशाच, आधी मेणात कोरून. पितळ आणायला ते इतवारीत जायचे आणि दुकानदाराशी अशी घासाघीस करायचे, की त्याला वाटावं आता हा दोन मण तरी नेणार. न्यायचे कानातल्या फुलाएवढं.

गाडी खरीच्या एक अष्टमांश होती, म्हणून डॉक्टरांचं जगच आठानं भागलेलं होतं. जिलबी समोर आली की म्हणायचे, "स्टिअरिंगले आठानं भाग, ही होते." मला क्लासमध्ये मालकानं सगळ्यांसमोर झापलं, मी रडत घरी आले, तर टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "आठानं भाग पोरी. किती उरते पाय." मी रागानं म्हटलं, "दुःख असं भागत नसतं, डॉक्टर." तर म्हणाले, "नाई भागत. पण भागाकार करता करता चहा होते." आणि खरंच काकू चहा घेऊन आल्या होत्या.

मला सगळ्यात वेड्यासारखं वाटायचं ते त्यांचं न दिसणाऱ्या गोष्टींसाठी झिजणं. मागच्या सीटखाली त्यांनी हत्यारांची पेटी केली. तिच्यात पाने, जॅक, हवा भरायचा पंप. सीट बसवली की काहीच दिसणार नव्हतं. माझा स्क्रू त्याच पेटीत निघाला, जॅकचा दांडा होऊन. मी म्हटलं, "कोण पाहणार आहे हे?" डॉक्टरांनी भिंग कपाळावर चढवलं. "दाताचं मूळ दिसते का? पण दुखते तेच."

ही गाडी कुठली, हे मला आधी काकूंनी सांगितलं. स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता. खरी गाडी त्यांच्या वडलांची. त्यांच्या गावात तेवढी एकच. लग्न झालं माघात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या जोडप्याला त्या गाडीतून नागपूरला पोचतं केलं. "थंडी अशी, की काचा वर केलेल्या, गुडघ्यांवर घोंगडी. अन् हा माणूस माझ्याकडे पाहीन तर शपथ. सगळी वाट दाराच्या कडीकडे पाहून राहिला. मले वाटलं, उडी मारते का काय बाप्पा."

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं नव्हतं, फक्त दुसऱ्या बाजूनं होतं. "तिच्याकडे पाहाची हिंमत नव्हती ना. म्हणून गाडीकडे पाहिलं. त्या दोन-तीन तासांत गाडी पाठ झाली मले. कडी, दिवा, सीटची शिवण, सगळं. तिची साडी कोणती होती विचारशील तर नाई सांगता येत."

पुढं काकूंचे वडील गेले आणि भावांनी गाडी विकली. काकूंना कुणी विचारलं नाही, कळवलंही नाही. त्या दिवाळीला गेल्या तेव्हा गाडीखान्यात कडबा भरलेला होता. त्यानंतर माहेरचं नाव त्यांनी फारसं काढलं नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातला चिमटा खाली होता. "मी तवा काही बोललो नाई. म्हटलं, सासरचा मामला, आपण कायले बोला. ती पण नाई बोलली. आता रिटायर झाल्यावर वाटलं, दुसरं तर काही येत नाही आपल्याले. दात बनवता येतात, तर गाडी काहून नाई बनणार?" मग चिमटा पुन्हा उचलत म्हणाले, "मले तिच्या तोंडून एकदा ऐकाचं आहे, की हो, हीच ती."

गंमत अशी, की काकू त्या गाडीकडे बघायच्याच नाहीत. चहा ठेवायला यायच्या तर टेबलाकडे पाठ करून. वाटाणे सोलायला बसायच्या तर खुर्ची भिंतीकडे वळवून. "गाडीचं बाहुलं मले नको," असं एकदा म्हणाल्या, आणि कुणी फारच आग्रह केला तर, "पूर्ण होऊ द्या, मग पाहीन." डॉक्टरांनी काकूंना कधी काही विचारलं नाही. का, तर विचारून केलं तर तिचीच गाडी तिलाच परत दिल्यासारखं होईल, त्यात त्यांचं काय. हा हट्ट. पुस्तकं मागवली, फोटो मिळवले, परदेशातल्या कुठल्या कुठल्या हौशी म्हाताऱ्यांशी कम्प्युटरवर वाद घातले, आणि घरात दहा पावलांवर ती गाडी डोक्यात घेऊन बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नाही.

कडीचा किस्सा तर सांगितलाच पाहिजे. सिव्हिल लाइन्सकडे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. डॉक्टरांना मी माझ्या स्कूटीवर घेऊन गेले. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसले होते. तिथं त्याच कंपनीची, तशीच एक गाडी उभी. डॉक्टर तिच्याभोवती फिरले, खाली वाकले, मग पिशवीतून रबराची वाटी, चपटी पळी आणि दातांचं माप घ्यायची गुलाबी पावडर काढली. मी म्हटलं, "डॉक्टर, नको." तोवर पावडर कालवून झाली होती. मागच्या दाराच्या कडीवर त्यांनी तो गुलाबी लगदा थापला, एका हातानं दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं गाडीचा टप थोपटत म्हणाले, "बस, झालंच. नाकानं श्वास घ्या."

गाडीचा मालक धावत आला. पांढरा सूट, काळा चष्मा. "ये क्या कर रहे हो आप?"

"हलवू नका," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "माप बिघडते."

माझी तर पाचावर धारण बसली. चार माणसं गोळा झाली, कुणीतरी पोलिसाला हाक मारली. डॉक्टरांनी शांतपणे साचा सोडवला, उजेडात धरून पाहिला, कडी पाण्यानं धुतली, रुमालानं पुसली आणि सवयीनं गाडीला म्हणाले, "चूळ भरा."

त्या मालकाला हसू आवरेना. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यानं स्वतः दार उघडून डॉक्टरांना आत बसवलं. डॉक्टर मागच्या सीटवर उजव्या अंगाला बसले, जिथं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बसले होते तिथंच. डावीकडची जागा त्यांनी रिकामी सोडली. बराच वेळ बसले. परत येताना स्कूटीवर मागून एवढंच म्हणाले, "कडी तीच आहे." मला तेव्हा त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की मी सिग्नल तोडला.

मग डॉक्टरांचा हात थरथरायला लागला.

मला ते उशिरा दिसलं. काकूंना आधी दिसलं असणार, कारण त्या डॉक्टरांना चहा अर्धा कप द्यायला लागल्या आणि थोड्या वेळानं पुन्हा अर्धा. डॉक्टर कुरकुरायचे, "आजकाल तुझा चहा अर्धाच काहून असते वं?" काकू म्हणायच्या, "दूध महाग झालं." कप भरलेला असता तर बशीत सांडला असता. एवढंच होतं ते, पण हाताचं नाव दोघांनीही काढलं नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार. ज्या हातानं आयुष्यभर लोकांच्या तोंडात सुई नेली, त्या हाताबद्दल हे ऐकताना त्यांना काय वाटलं असेल, हे मला विचारायचा धीर झाला नाही. ते घरी आले, बंडी चढवली आणि टेबलाशी बसले. "हात आहे तवर गाडी," म्हणाले.

त्या हिवाळ्यात ते झपाटल्यासारखे बसले. कोपर टेबलावर टेकवून, मनगट दुसऱ्या हातानं धरून, श्वास रोखून. एक कडी बसवायला सकाळ जायची. पडली की शोधायची, पुन्हा बसवायची. मी कधी म्हटलं, "मी धरू का?" तर म्हणायचे, "तू फिजिक्स शिकव." रागानं नाही. त्यांना ती स्वतःच पुरी करायची होती. मला वाटायचं देवाला सांगावं, की बाबा रे, एवढी गाडी होऊ दे, मग काय करायचं ते कर.

आणि झाली. मार्च सरता सरता, ऊन तापायला लागलं तेव्हा. डॉक्टरांनी गाडी उचलून त्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवली, पायानं दाबून खुर्ची वर घेतली, काकूंना नीट दिसेल अशा उंचीला आणली, वरचा मोठा दिवा लावला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभे राहिले. थरथर दिसू नये म्हणून. "ये वं," म्हणाले. "झाली."

काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्यांदा त्या गाडीकडे पाहिलं. मी दारात उभी होते. त्या गाडीला एक वळसा घालून आल्या. मागचं दार उघडून लावलं, टक् असा आवाज झाला, तशा थांबल्या. पुन्हा एकदा उघडलं, पुन्हा लावलं. भोंगा बोटानं दाबला. सीट उचलून पेटी पाहिली आणि हसल्या. डॉक्टरांचा चेहरा उजळला होता. मग काकू डाव्या बाजूला आल्या, मागच्या खिडकीशी वाकल्या, आणि तिथंच राहिल्या.

"ताटी कुठं आहे?"

"कोणती ताटी?" डॉक्टर म्हणाले.

"खसाची. ह्या खिडकीले." खस म्हणजे वाळा, त्याच्या मुळ्यांचा विणलेला पडदा. काकूंचं बोट त्या एक्स-रेच्या काचेवर होतं. "बाबांनी स्वतः बांधली होती. वर पाण्याची पन्हाळी, तिले भोकं. गाडी निघाली की मी इथं बसून तांब्यानं पाणी शिंपडायची. ते काम माझं होतं, दादाले नव्हते देत. ताटी ओली झाली की गाडीत असा गारवा, अन् खसाचा वास. त्याच्याबिगर गाडी कुठं निघाचीच नाही."

"मी तर नाही पाहिली," डॉक्टर म्हणाले.

"कशी पाहाल? माघात कोणी ताटी लावते का? लग्नाच्या टाइमाले काढून ठेवली होती." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही थंडीतली गाडी बनवली जी. चांगली आहे. पण ही पाहुण्यांची गाडी आहे. आमची नाही."

आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. रागावून नाही. तेच वाईट होतं.

डॉक्टरांनी पाठीमागचे हात सोडले. "नागपूरचा माणूस मी," म्हणाले. "अन् उन्हाळा विसरलो." मग खुर्ची पायानं हळूहळू खाली घेतली आणि गाडी परत टेबलावर ठेवली. "मूळच राहिलं, पोरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी खसाच्या चार काड्या आणल्या आणि टेबलाशी बसले. केसाएवढ्या त्या मुळ्या, त्यांची नखाएवढी वीण घालायची. पहिली काडी चिमट्यात आली आणि तुटली. दुसरीही. मी न राहवून म्हटलं, "द्या ना मला. माझा हात चांगला आहे." ते म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण तू ती ताटी पाहिली नाई. मीही नाई पाहिली." एकाच माणसानं पाहिली होती, आणि त्या माणसाला विचारायचं नाही, हा इतक्या वर्षांचा हट्ट. डॉक्टरांनी गाडीवर एक जुना टॉवेल टाकला. त्यानंतर ते टेबलाशी बसलेच नाहीत. व्हरांड्यात बसायचे, कचरागाडी आली तरी उठायचे नाहीत. कचरागाडीवाला माझी बादली आत ओतताना म्हणाला, "साहेब बिमार आहेत का जी?"

मला काकूंचा राग आला होता. खोटं का बोलू. एवढा माणूस झिजला, हात गेला त्याचा, एकदा "हीच ती" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण काकू खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि डॉक्टरांना खोटं चाललंही नसतं. ते तर खोटा दात बसवतानाही खऱ्यासारखा किंचित वाकडा बसवायचे.

एप्रिलमध्ये कूलरवाला आला. नागपूरकरांना सांगायला नको, कूलर काढणं हे घराघरातलं वर्षाचं कार्य. टाकी घासायची, पंप पाहायचा, जुन्या ताट्या फेकून नव्या बसवायच्या. काकू दरवर्षी साध्या लाकडी झिलप्यांच्या ताट्या घ्यायच्या. त्या दिवशी जिन्यावरून उतरताना मी त्यांचा आवाज ऐकला, "ह्या वर्षी खसाच्या लाव. चांगल्या पाहून दे." कूलरवाल्यानं ताट्या भिंतीला टेकवल्या. काकूंनी वाकून एका ताटीतून मूठभर खस उपसला. कूलरवाला म्हणाला, "बाई, भोक पडीन ना." काकू म्हणाल्या, "पडू दे."

मग त्या समोरच्या खोलीत गेल्या, टॉवेल बाजूला केला, त्या खुर्चीत बसल्या, या वेळी टेबलाकडे तोंड करून, आणि वरचा दिवा लावला. मांडीवर खस, शिवणाच्या डब्यातला सुई-दोरा, आणि खराट्याची एक काडी. तिथून हाक मारली, "अहो."

डॉक्टर व्हरांड्यातून आले.

"माझा हात. तवाचा, आठ-नऊ वर्षांची होती तवाचा. कोपरापासून बोटापर्यंत. तेवढी लांब होती ताटी." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आठानं भागलं की किती?"

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, शेजारी बसले, काकूंचा हात हातात घेऊन कोपरापासून बोटापर्यंत पाहिला, डोळे मिटून मनात काहीतरी कमी केलं आणि म्हणाले, "तुझ्या अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी घे."

सगळी दुपार ते चाललं. मी क्लासला कळवून टाकलं की येत नाही. काकूंनी खराट्याच्या काडीची चौकट केली, खस सुईनं ओवून ओवून तिच्यावर बसवला. डॉक्टर बाजूनं सांगत होते, आता दोरा कस, आता काप. मधेच म्हणाले, "वाकडी होऊन राहिली वं."

"वाकडीच होती. बाबांना सुतारकाम कुठं येत होतं?"

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी हसले. "काच काढा लागते. मीच काढतो." मनगट धरून, थांबत थांबत, त्यांनी ती एक्स-रेची काच खिडकीतून सोडवली. ती बसवायला त्यांना चार दिवस लागले होते. टेबलावर ठेवली आणि परत तिच्याकडे पाहिलंही नाही. पन्हाळीचं काम गोळ्यांच्या पाकिटाच्या पत्र्यानं झालं, तिची भोकं सुईनं काकूंनी पाडली. ताटी खिडकीला अडकली. एका बाजूनं जरा लोंबत होती.

काकू औषधाचा दुसरा एक ड्रॉपर घेऊन ताटीवर पाणी सोडायला गेल्या. एक मोठा थेंब एकाच जागी पडला आणि खाली ओघळला. "असं नव्हतं," त्या म्हणाल्या. "शिंपडाचं असते. बारीक, सगळीकडे." त्यांनी ड्रॉपर डॉक्टरांपुढं धरला.

डॉक्टरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग ड्रॉपर घेतला, खिडकीवर धरला आणि मनगट आवरायचा प्रयत्न सोडून दिला. हात थरथरला तसे बारीक बारीक थेंब ताटीभर उडाले. खस काळसर झाला. काकूंनी खिडकीशी नाक नेलं. मग मलाही तो वास आला.

"हं," काकू म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. "निघाली." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुरे आता. सीट भिजीन, बाबा ओरडतील."

डॉक्टर थांबले नाहीत. ड्रॉपर रिकामा झाला तरी त्यांचा हात तसाच खिडकीवर होता. कडी अगदी समोर होती, त्यांच्या हातची, ओतीव, दिव्याच्या उजेडात चमकत होती, पण ते पाहत होते काकूंकडे.